फूटतूट वही आणि आपली प्रयोगशाळा

स्मरणिकेत शाळेच्या इतिहासावर एक लेख हवा असे संपादक मंडळाने ठरवले आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. संस्थेची स्थापना, इमारत निधी, मुख्याध्यापकांची परंपरा हे सगळे रौप्यमहोत्सवी अंकात येऊन गेले आहे. तेच पुन्हा लिहिण्यात मला काही गोडी वाटेना. जन्मभर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, तेव्हा प्रयोगशाळेबद्दलच लिहावे असे म्हणून मी मे महिन्यात गावी गेले. मुख्याध्यापिका बाईंनी कपाटातून दोन वह्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. एक जडवस्तुसंग्रह नोंदवही, म्हणजे शाळेने काय काय विकत घेतले त्याची. दुसरी फूटतूट वही, म्हणजे त्यातले काय काय आपण फोडले त्याची. पहिलीचे पुठ्ठे अजून शाबूत आहेत. दुसरीला वाळवी लागली आहे, पण वाचता येते.

पहिली नोंद १९५८ ची आहे. 'परीक्षानळ्या ४ डझन, चंचुपात्रे ६, स्पिरिटचे दिवे ६, तिवया ६, तारेच्या जाळ्या ६.' पुढे खलबत्ता, बाष्पनपात्रे, तापमापी, लोहचुंबक, तराजू आणि वजनांची पेटी. मागणीच्या रकान्यात कितीतरी ठिकाणी 'अंबाला' लिहिले आहे. तुम्हाला त्या पितळी पट्ट्या आठवत असतील, लंबकाच्या स्टँडवर आणि तराजूच्या लाकडी पेटीवर ठोकलेल्या. हरियाणातले अंबाला हे शाळा-कॉलेजांच्या शास्त्रीय उपकरणांचे मोठे केंद्र, आणि देशभरातल्या शाळांची कपाटे तिथल्या मालाने भरली. आपल्याकडे तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. मालाचे खोके कोल्हापूरपर्यंत येई, तिथून घाट उतरून एस.टी.च्या टपावर. प्रत्येक खोक्याच्या नोंदीखाली फूटतूट वहीत लगेच दुसरी नोंद: 'प्रवासात फुटले.' घाटाने किती परीक्षानळ्या खाल्ल्या त्याचा हिशेब कोणीतरी करायला हवा.

काचेची गोष्ट मला जरा सविस्तर सांगायची आहे, कारण फूटतूट वहीचा इतिहास म्हणजे मुख्यतः काचेचाच इतिहास आहे. सुरुवातीच्या पानांवर फुटण्याचे कारण बहुतेक वेळा 'तापवताना तडकले' हेच दिसते. साधी काच तापली की पसरते, आणि सगळीकडे सारखी तापली नाही की एक भाग पसरतो, दुसरा पसरत नाही, मग ती तडकते. जर्मनीतल्या येना गावी ओटो शॉट याने १८८४ साली अ‍ॅबे आणि झाइस यांच्याबरोबर काचेचा कारखाना काढला आणि काचेत बोरॉनचे ऑक्साइड मिसळून तिचे हे पसरणे साधारण एक तृतीयांशावर आणले. आपल्या जुन्या नोंदींत एक-दोन वस्तूंपुढे 'जेना' असे लिहिले आहे, ते हेच गाव. अमेरिकेत कॉर्निंगच्या कारखान्यात अशीच काच तयार झाली, तेव्हा तिथले शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांच्या पत्नी बेसी यांनी १९१३ साली बॅटरीच्या कापलेल्या बरणीत चक्क केक भाजून पाहिला. बरणी तडकली नाही. दोन वर्षांनी ती काच पायरेक्स नावाने बाजारात आली. भारतात बोरोसिल सुरू झाली १९६२ मध्ये. आपल्या वहीत साठच्या दशकाच्या शेवटी शेवटी 'बोरोसिल' हा शब्द येतो आणि 'तापवताना तडकले' ही नोंद विरळ होत जाते. तिच्या जागी येते 'विद्यार्थ्याच्या हातून पडले'. आम्ही ती परंपरा पुढे इमानाने चालवली.

१९७१ च्या पानावर 'बुन्सेन बर्नर ६' आहेत. ते कोणी आणि कशाला मागवले देव जाणे! गावात तेव्हा घरातसुद्धा गॅस नव्हता, सगळीकडे चूल आणि स्टोव्ह. ते सहाही बर्नर काळ्या रंगासकट, एकदाही न पेटता, कपाटाच्या वरच्या कप्प्यात बसून होते. विज्ञानाचे सर आकृती काढायला शिकवताना त्यातला एक खाली काढत, आम्ही 'हवेचे छिद्र' आणि 'कडे' दाखवणारे बाण मारत असू, की तो परत वर. रोजचे काम स्पिरिटच्या दिव्यावर. दिव्याचे स्पिरिटही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येते, त्यामुळे त्याचा डबा कुलूपबंद कपाटात आणि कपाटाची किल्ली कार्यालयात. ही किल्ली लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बुन्सेनबद्दल एक गोष्ट आम्हाला तेव्हा कोणी सांगितली नाही. हा बर्नर त्याने हायडेलबर्ग विद्यापीठात १८५५ च्या सुमारास पेटर डेझागा या तिथल्या यंत्रकाराकडून बनवून घेतला आणि त्याचे पेटंट घेतले नाही. पण त्याच्याही बऱ्याच आधी, तरुणपणी, आर्सेनिकच्या एका संयुगावर काम करताना काच फुटून स्फोट झाला आणि त्याचा उजवा डोळा गेला. आर्सेनिकच्या विषबाधेने तो मरता मरता वाचला. ज्याच्या नावाची आकृती काढून आपण गुण मिळवले, तो माणूस त्या आकृतीकडे एकाच डोळ्याने पाहत होता.

डोळ्यांवरून आठवले, मी दोन्ही वह्या एका गोष्टीसाठी मुद्दाम पुन्हा चाळल्या. माणसाच्या रक्षणासाठी शाळेने काय घेतले? पहिल्या चाळीस वर्षांत तीनच वस्तू सापडल्या. प्रथमोपचार पेटी १, लाल बादल्या ४, अग्निशामक १.

बादल्या तुम्हाला आठवतील. बाहेर व्हरांड्यात खुंटीला टांगलेल्या, पांढऱ्या अक्षरात 'आग' लिहिलेल्या, आणि बुडाला गोल. त्या गोल असतात त्याचे कारण असे सांगतात की जमिनीवर उभ्याच राहू नयेत, म्हणजे दुसऱ्या कामाला कोणी नेणार नाही. ज्याने ही युक्ती काढली त्याला चुंबळ ठाऊक नसावी. आपल्या बागकाम पथकाने चारपैकी दोन बादल्या चुंबळीवर ठेवून वर्षानुवर्षे जास्वंदीला पाणी घातले. उरलेल्या दोघींत वाळू होती, आणि त्या वाळूत आपल्या वर्गातल्या काही मुलांनी गाळलेली पेन्सिलींची टोके.

अग्निशामक म्हणजे तो कोपऱ्यातला लाल शंकू. त्याच्या पोटात खाण्याच्या सोड्याचे पाणी आणि वर एका बाटलीत सल्फ्युरिक आम्ल. डोक्यावरचा खुंटा जमिनीवर आपटला की बाटली फुटे, आम्ल सोड्यात मिसळे, कार्बन डायऑक्साइड तयार होई आणि त्याच्या दाबाने पाण्याचा फवारा सुटे. परीक्षानळीत सोडा आणि आम्ल घालून चुन्याची निवळी दुधाळ करण्याचा जो प्रयोग आपण आठवीत केला, तोच इथे पत्र्याच्या टोपड्यात कोंडलेला होता. ही जोडणी कोणी दाखवून दिली असती तर मला तो प्रयोग जन्मात विसरता आला नसता. शंकू कधी आपटला गेला नाही, हे आपले भाग्य. १६ जुलै २००४ ला तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागून ९४ मुले गेली. त्या प्रकरणावरून सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशातल्या सगळ्या शाळांना आगीपासून बचावाच्या सोयी बंधनकारक केल्या. आपल्या वहीत शंकूचे निर्लेखन आणि पावडरच्या नव्या सिलिंडरांची नोंद त्यानंतरचीच आहे.

आणि आपल्याला आवडणाऱ्या वस्तू? त्यातल्या दोन तर सगळ्यांत घातक निघाल्या. तारेच्या जाळीच्या मधोमध तो पांढरा गोल असे, तो अ‍ॅस्बेस्टॉसचा. जुन्या जाळीवर त्याचे पोपडे सुटत आणि आम्ही ते नखाने काढून फुंकर मारून उडवत असू. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर अनेक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो, हे आज सगळे जाणतात. आता त्या जागी सिरॅमिक येते.

दुसरा अर्थातच पारा. वायुभारमापीचा प्रयोग सर दर वर्षी करून दाखवत. मीटरभर लांबीची नळी पाऱ्याने भरायची, अंगठ्याने तोंड दाबून पाऱ्याच्या वाटीत उलटी करायची. तोरिचेल्लीने १६४३ मध्ये सुचवलेला हा प्रयोग. आपले गाव समुद्राच्या जवळ म्हणून आपल्याकडे स्तंभ ७६ सेंटिमीटरच्या आसपास थांबे. सरांचा अंगठा उघडाच असे. खाली सांडलेल्या गोळ्या आम्ही कागदावर गोळा करत असू, आणि सगळ्या परत जात नसत. फूटतूट वहीत आमच्या वर्षी 'तापमापी २' अशी नोंद आहे. त्यातल्या एकीचा पारा माझ्या कंपासपेटीत गेला होता. घरी तो मी ताटात फिरवला, आईच्या चांदीच्या कुंकवाच्या करंड्याला लावला आणि करंडा बिघडवून मार खाल्ला. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही, आणि बंद खोलीत फटीत गेलेला पारा वर्षानुवर्षे ती सोडत राहतो, हे मला नोकरीत लागल्यावर कळले. जपानमधल्या मिनामाता गावात पाऱ्यामुळे जे झाले त्याच्या नावाने २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. आपल्या शाळेतली पाऱ्याची जाड बुडाची बाटली अजून कपाटात आहे. तिचे काय करायचे हे कोणालाच ठरवता येत नाही. नाल्यात तर ओतता येत नाही ना!

किपचे उपकरण मात्र मला आजही सुंदर वाटते. डेल्फ्टच्या पेट्रुस किप या औषधविक्रेत्याने १८४४ च्या सुमारास ते केले. एकावर एक तीन काचेचे गोळे. तोटी उघडली की आम्ल खालून चढून मधल्या गोळ्यातल्या खड्यांना भिडते आणि वायू सुटतो. तोटी बंद केली की वायूच आम्लाला ढकलून परत खाली पाठवतो. वीज नाही, यंत्र नाही. सर त्यातून हायड्रोजन सल्फाइड काढत, आणि सडक्या अंड्यांचा वास थेट बालवाडीपर्यंत जाई. तिथल्या बाई तक्रार घेऊन येत. तो वायू विषारी आहे आणि प्रमाण वाढले की नाकच बधिर होते, वास येईनासा होतो, म्हणून वास थांबला तर खूश व्हायचे नाही, हे सरांनी आवर्जून सांगितले होते. खिडक्या उघड्या ठेवण्यापलीकडे त्यांच्या हातात दुसरे काही नव्हते. वायू बाहेर ओढून नेणारे धूरकपाट आपल्याकडे आजही नाही.

आता त्या पानाकडे येते, ज्याच्यामुळे हा लेख लिहायला बसले.

आमची १९८४ ची दहावीची तुकडी. फूटतूट वहीत १९८३ च्या पावसाळ्यातली एक ओळ आहे: 'माठ, पिण्याच्या पाण्याचा, १.' कारणाच्या रकान्यात आडवी रेघ. शेरा: 'भाऊंकडून वसूल.'

भाऊ म्हणजे आपले प्रयोगशाळेचे शिपाई. परीक्षानळ्या ब्रशने घासणारे, लिटमसच्या पट्ट्या कात्रीने अर्ध्या करून पुरवणारे, पावसाळ्यात भिंगांना बुरशी येऊ नये म्हणून ती दिव्याशेजारच्या खोक्यात ठेवणारे भाऊ.

त्या दिवशी अमोनियाचा प्रयोग होता. नवसागर आणि कॉस्टिक सोड्याचे द्रावण परीक्षानळीत घेऊन तापवायचे, आणि नळीच्या तोंडाशी ओला तांबडा लिटमस धरायचा. तो निळा होतो. नळी चिमट्यात माझ्या हातात होती. लिटमस माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या हातात. रंग नीट दिसावा म्हणून ती वाकली. दिवा मी एकाच जागी धरला, नळी हलवली नाही. द्रावणाने उसळी मारली आणि ते सरळ तिच्या चेहऱ्यावर गेले.

ती किंचाळली. सर धावत आले आणि प्रथमोपचार पेटीतले बोरिकचे पाणी आणायला ओरडले, कारण अल्कलीवर बोरिक हे तेव्हाच्या सगळ्या पुस्तकांत होते. पेटीत टिंक्चर आणि स्पिरिट असल्यामुळे ती त्याच कुलूपबंद कपाटात. एक मुलगा किल्लीसाठी कार्यालयाकडे पळाला. क्लार्क त्या वेळी बँकेत गेले होते आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याबरोबर.

भाऊ कोणाची वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी व्हरांड्यातला माठ उचलून आणला, मैत्रिणीला पायरीवर आडवे केले, दोन बोटांनी तिची पापणी उघडी धरली आणि माठ तिरका करून संथ धार सोडली. ती हातपाय झाडत होती. "बाय, डोळो मिटू नको," एवढेच ते म्हणत होते. एक माठ संपला तेव्हा मुलांना विहिरीवर पिटाळून घागरी मागवल्या आणि धार चालूच ठेवली. माठ त्यांच्या हातातून निसटून पायरीवर फुटला तो तेव्हा. सर एकदा म्हणाले, "भाऊ, पुरे, औषध येतंय," पण ते थांबले नाहीत.

हे त्यांना कुठून ठाऊक, असे मी नंतर विचारले होते. शाळेत लागण्याआधी भाऊ चुना मारायच्या कामावर जात. आपल्याकडे शिंपल्यांचा चुना भाजत, ताजा कळीचा चुना विरवताना उडतो, आणि कामावरच्या कोणाच्या डोळ्यांत गेला की पाणी घालत राहायचे, हे त्यांनी मुकादमाकडून शिकून घेतले होते. चुना काय आणि कॉस्टिक सोडा काय, दोन्ही अल्कलीच. अल्कली आम्लापेक्षा डोळ्यात खोल उतरते, पेशींतले स्निग्ध पदार्थ साबणासारखे विरघळवत आत जाते, त्यामुळे पहिली काही मिनिटे फार मोलाची. आमच्या कारखान्यात पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले: आधी पाणी, निदान वीस मिनिटे, औषधाचा विचार नंतर. ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर शाळेची पायरी होती.

तालुक्याच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली. तीन आठवड्यांनी ती परत वर्गात आली. त्या डोळ्यावर अगदी कडेला एक अंधुक डाग राहिला आहे, दृष्टी शाबूत आहे. हे सगळे तिला विचारूनच लिहिते आहे. फोनवर ती म्हणाली, "नळी तुझ्या हातात होती ते लिही. चाळीस वर्षं मी ते कोणाला सांगितलं नाही, आता तूच सांग." ते लिहिले.

तेव्हा कोणी विचारलेच नाही की नळी कोणी धरली होती. चौकशी झाली ती पिण्याच्या पाण्याचा माठ प्रयोगशाळेत का नेला, याची. पाहुण्या अधिकाऱ्यांची भेट जवळ आली होती आणि माठ नव्हता. भाऊंच्या पगारातून पैसे कापले गेले हे मला परवा ती वही वाचेपर्यंत माहीत नव्हते. अपघाताची नोंद मी दोन्ही वह्यांत शोधली. ती कुठेच नाही. त्यासाठी रकानाच नव्हता.

पुढच्या वर्षी एक बदल मात्र झाला, आणि तो वहीत दिसतो: 'कपाटाची दुसरी किल्ली १.' ती भाऊंच्या कमरेला असे. भाऊ निवृत्त झाले, दहा-बारा वर्षांपूर्वी गेले.

आपल्या तुकडीने जमवलेल्या निधीतून शाळेला पडद्याचा मोठा संगणक द्यावा असा बहुतेकांचा सूर आहे, आणि तो द्यायलाही हरकत नाही. पण मुख्याध्यापिका बाईंनी मला प्रयोगशाळेसाठी यादी करायला सांगितली, तेव्हा मी आधी हे लिहिले: संरक्षक चष्मे एका तुकडीला पुरतील इतके, हातमोजे, रबरी फुगा लावलेल्या पिपेट, म्हणजे तोंडाने ओढायला नको, सिरॅमिकच्या जाळ्या, स्पिरिटच्या तापमाप्या, बेसिनवर डोळे धुण्याचा नळ आणि तो बसेपर्यंत डोळे धुण्याच्या बाटल्या. पाऱ्याची बाटली सुरक्षितपणे परत घेणाऱ्या संस्थेशी मी स्वतः बोलणार आहे. चष्मे आणि बाटल्या मी माझ्या पैशाने आणून दिल्या. क्लार्कना प्रश्न पडला की या बाटल्या जडवस्तूंत धरायच्या की खर्ची पडणाऱ्या मालात. शेवटी त्यांनी 'किरकोळ' या सदरात लिहिल्या.

भाऊंचा एकही फोटो शाळेच्या संग्रहात नाही. स्नेहसंमेलनाच्या जुन्या फोटोंत ते कडेला कुठेतरी खुर्च्या लावताना असतील. कोणाकडे असा फोटो निघाला तर कृपया शाळेच्या कार्यालयात पाठवा, प्रत काढून परत देऊ.